देसायांच्या मोहरेवरचा पक्षी

प्रभुलिंग हुक्केरींना कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, सगळे प्रभूअप्पा म्हणत. गुजरीच्या मागच्या बोळात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तरी काय, एक ठेंगणं लाकडी मेज, पूर्वेकडची खिडकी, डोळ्याला लावायचं भिंग आणि डब्यात उभ्या करून ठेवलेल्या पन्नासेक छिन्न्या. सोनार दागिने घडवत आणि त्या दागिन्यांवर जे नक्षीकाम उठायचं त्याचे ठसे अप्पा कोरून देत. पोलादाच्या ठोकळ्यावर आकृती उलटी आणि खोलगट कोरायची, म्हणजे वर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की ती सुलटी आणि उठून येते. उजवीकडे बघणारा मोर हवा असेल, तर अप्पा डावीकडे बघणारा कोरत. तीस वर्षं हे केल्यामुळे त्यांचं डावं-उजवं कायमचं बिघडलं होतं. कुणी रस्ता विचारला तर ते तोंडानं उजवीकडे म्हणत आणि हात डावीकडे करत. त्यांची बायको बसव्वा पाहुण्यांना आधीच बजावून ठेवी, "यांना रस्ता इचारू नका. अंबाबाईला निघालेला माणूस रंकाळ्यावर जातोय."

अप्पांचं मूळ गाव संकेश्वराकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी. बोलणं कमी. पण त्यांच्या हातच्या, माळेत ओवायच्या पुतळीवरच्या लक्ष्मीला नाक-डोळे असत, आणि मेथीच्या दाण्याएवढ्या जागेत नाक-डोळे काढणारा गुजरीत दुसरा नव्हता.

१९९४च्या दिवाळीनंतर हंबीरराव देसाई त्या जिन्याखाली वाकून आत आले. आजऱ्याकडचे देसाई. भात, काजूच्या बागा आणि नुकताच काढलेला काजू सोलायचा कारखाना. धिप्पाड माणूस, आवाज तालमीतल्यासारखा. सोबत त्यांची थोरली विधवा बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. आणि त्यांना घेऊन आला होता जोतीराम, गुजरीतला सोनार, जो अप्पांना काम आणून देई.

"अप्पा, पोराचं लगीन हाय," हंबीरराव म्हणाले. "सम्राटचं. व्याह्यांना आणि जवळच्या पावण्यांना पाच-पाच ग्रॅमच्या एकवीस मोहरा द्यायच्या हायत. पण बाजारातल्या लक्ष्मी-गणपतीच्या न्हाय. आमच्या घराण्याचं चिन्ह पायजे त्यावर."

"कसलं चिन्ह?" अप्पांनी विचारलं.

हंबीररावांनी खिशातून लाल कापडाची पुरचुंडी काढली. आत सोन्याचं एक बारकं नाणं होतं, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडं मोठं. ते देसायांच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या पूजेत होतं. रोज पाणी, रोज गंध, रोज पुसणं. त्यामुळे ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की अप्पांना आधी वाटलं कोरी टिकलीच आहे. भिंग लावल्यावर मधोमध एक उंचवटा दिसला. त्याला वर काहीतरी होतं, बाजूला काहीतरी होतं, आणि खाली दोन टेंगळं.

"हे काय हाय?" अप्पा म्हणाले.

"घोडेस्वार!" हंबीरराव ठासून म्हणाले. "आमच्या मूळ पुरुषाला घोड्याचा मान हुता."

"घोडा कुठला रे?" आक्का म्हणाल्या. "मोर हाय तो. मी लहानपणापास्नं पुसतीय त्याला. पिसारा लागायचा बोटाला."

जोतीरामनं नाणं हातात घेऊन फिरवलं. "मला नंदी वाटतोय. हे बघा वशिंड."

अप्पांनी नाणं परत घेतलं. तिघांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "आठ दिवस ठेवून जावा. बघतो."

ते आठ दिवस अप्पांना फार जड गेले. आजवर त्यांना कुणी काय कोरायचं हे ठरवायला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक नमुना आणे, ते उतरवत. इथे नमुनाच मुका होता. घोडा म्हणून पाहिलं की घोडा दिसे. शेपटीसुद्धा दिसे. मोर म्हणून पाहिलं की तीच शेपटी पिसारा होई. नंदी तर कशातही दिसतो. अप्पांनी नाण्याचा मेणावर ठसा घेऊन पाहिला. त्यात तर उंचवट्याचा खड्डा झाला, आणि तो खड्डा एखाद्या बसलेल्या बाईसारखा वाटायला लागला. त्यांनी तो मेणाचा गोळा पुन्हा मळून टाकला.

सातव्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन मेजावर आलं होतं. अप्पांनी नाणं उन्हात धरलं आणि बोटानं हळूहळू फिरवलं. एका जागी सावली अशी पडली, की त्या उंचवट्याच्या वर दोन मानी फुटल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. खालची दोन टेंगळं झाली पाय. अप्पा दचकलेच. "गंडभेरुंड!" त्यांच्या तोंडून निघालं.

गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, चोचीत हत्ती उचलणारा. अप्पांच्या मुलखात तो देवळांच्या खांबावर, मठाच्या दारावर असतो. त्यांनी नाणं जरा फिरवलं तर तो गेला. पुन्हा फिरवलं तर आला. त्यांनी घाईघाईनं कागदावर चित्र काढलं, कारण ऊन सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांपुढं तो कागद ठेवताना अप्पांना खरं तर धाकधूक होती. ते सांगणार होते, की साहेब, मला एकदाच असं दिसलं, खात्री न्हाय. पण हंबीररावांनी कागद बघितला आणि मेजावर थाप मारली. छिन्न्यांचा डबा उडाला.

"हेच! हेच की हो! आमचं आजोबा म्हणायचं, आपल्या मोहरंवर दोन तोंडांचं पाखरू हाय म्हणून!"

"पण तुम्ही घोडा म्हणालता," अप्पा म्हणाले.

"मी? मी कशाला घोडा म्हणीन? जोतीराम म्हणला आसंल."

जोतीराम खाली बघून हसला. मोठं गिऱ्हाईक होतं. अप्पांनी छिन्न्यांचा डबा सरळ केला.

मग हंबीररावांच्या मागण्या सुरू झाल्या. पक्षी नुसता नको, ढालीवर हवा. ढालीवर मुकुट हवा. दोन्ही बाजूंना ढाल धरणारे सिंह हवेत. खाली पट्टी आणि पट्टीत घराण्याचं ब्रीद. संस्थानिकांच्या कागदावर असायचं तसं. "ब्रीद काय हाय तुमचं?" अप्पांनी विचारलं. हंबीररावांनी जरा विचार केला. "पट्टीत किती अक्षरं बसत्यात?" "सहा-सात." "मग लिवा, दिला शब्द राखू."

ढाल आणि सिंह कसे काढायचे, हा अप्पांपुढं नवाच पेच. त्यांनी असलं कधी कोरलं नव्हतं. शेजारच्या गल्लीत एक बँडवाला राहायचा. त्याच्या लाल कोटाला मोठाली पितळी बटणं होती आणि त्यांवर मुकुट, ढाल, दोन उभे सिंह सगळं होतं. अप्पांनी एक बटण मागून आणलं आणि समोर ठेवून कोरलं. पंधरा दिवस लागले. नखं काढलेले सिंहाचे पंजे, ढालीची दुहेरी कड, चोचीतले दोन हत्ती, त्यांची तिळाएवढी सोंड. ठसा तापवून, त्याला पाणी देऊन शिशावर पहिला छाप उठवला, तेव्हा जोतीराम बघतच राहिला. "अप्पा, हे सरकारी छापखान्यात हुणार न्हाय," तो म्हणाला.

मोहरा पाडायच्या दिवशी हंबीरराव स्वतः आले. घरातलं जुनं सोनं मुशीत वितळत होतं. अप्पांनी देवघरातलं नाणं लाल कापडात बांधून परत करायला पुढं केलं. हंबीररावांनी ते कपाळाला लावलं आणि जोतीरामला दिलं.

"टाक ह्यात."

"हे?" जोतीराम म्हणाला. "अहो, हे जुनं हाय."

"म्हणूनच. एकवीसच्या एकवीस मोहरांत मूळ पुरुषाचा अंश गेला पायजे. टाक."

अप्पांना थांबा म्हणावंसं वाटलं. पण का थांबा, हे त्यांना सांगता आलं नसतं. सोनं देसायांचं, देव देसायांचा. नाणं मुशीत पडलं, क्षणभर तसंच तरंगल्यासारखं दिसलं, मग कडेनं लवलं आणि इतर सोन्यात मिसळून गेलं.

लग्न थाटात झालं. सून स्नेहल इचलकरंजीची. तिच्या गळ्यात त्यातली एक मोहर पदक करून घातली. अप्पांना आमंत्रण होतं. ते आणि बसव्वा एसटीनं आजऱ्याला गेले, पंगतीत जेवले. मांडवाच्या दारावर थर्माकोलचा गंडभेरुंड होता, हातभर उंच. बसव्वा म्हणाली, "तुमचा हाय न्हवं?" अप्पांनी मान डोलावली. त्यांना आनंद झाला होता आणि जरा अवघडल्यासारखंही झालं होतं.

पुढच्या वर्षांत तो पक्षी पसरतच गेला. देसायांच्या लोखंडी फाटकावर आला. काजूच्या खोक्यांवर आला. लक्ष्मीपुरीतल्या दुकानांत ती खोकी दिसायची, ढाल-मुकुट-सिंहांसकट, आणि खाली 'तीनशे वर्षांचं घराणं' असं छापलेलं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अप्पा दुकानाच्या पायरीवर इतका वेळ थांबले, की वाण्यानं विचारलं, काय देऊ. त्यांनी पाव किलो काजू घेतले. घरी आल्यावर बसव्वानं एवढे काजू कशाला म्हणून विचारलं, तर खिरीला म्हणाले.

२००४च्या पावसाळ्यात सुष्मिता नावाची एक मुलगी जिन्याखाली आली. पंचविशीतली, पाठीला पिशवी, हातात वही. विद्यापीठात इतिहासाची पीएच. डी. करत होती. विषय होता दक्षिण महाराष्ट्रातल्या वतनदार घराण्यांची चिन्हं. तिनं फोटो पुढं केला. स्नेहलच्या गळ्यातली मोहर होती.

"काका, हा ठसा तुम्ही केला ना?"

"व्हय."

"जुन्या नाण्यावरून?"

"व्हय... म्हणजे, तसंच म्हणायचं."

ती उत्साहानं बोलायला लागली. विजयनगरच्या काही होनांवर गंडभेरुंड असतो. पण ढाल, मुकुट, सिंह, खालची पट्टी हे सगळं युरोपातलं. आजऱ्याहून गोवा लांब नाही. म्हणजे देसायांचा पोर्तुगीजांशी काही संबंध असणार, आणि त्यांनी दोन्हीकडचं मिळवून हे चिन्ह घेतलं असणार. असं मिश्रण दुसरीकडे कुठं सापडत नाही. तिनं त्यावर अख्खं प्रकरण लिहायला घेतलं होतं. मूळ नाणं वितळलं, पण ते भिंगाखाली पाहिलेला माणूस हयात आहे, हे कळल्यावर ती धावत आली होती.

अप्पा ऐकत होते. त्यांना आधी काहीच कळेना. मग कळायला लागलं तसं त्यांनी डोळ्याचं भिंग काढून मेजावर ठेवलं.

"पोरी," ते म्हणाले, "ती ढाल बँडवाल्याच्या बटणावरची हाय."

सुष्मिताची लेखणी थांबली. "काय?"

"बटण. पितळी. सिंह बी त्यावरचंच. आणि पट्टीतलं ब्रीद देसाईसाहेबांनी हितं बसून सांगितलं. सहा-सात अक्षरांत बसंल असं."

थट्टा करताहेत का, हे तिला ठरवता येईना. मग तिनं हळूच विचारलं, "आणि पक्षी? पक्षी तरी होता ना?"

इथं अप्पा अडकले. होता म्हणावं, तर ते एका सकाळी एका तिरप्या उन्हात क्षणभर दिसलेलं होतं. नव्हता म्हणावं, तर त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. "दिसला हुता," ते म्हणाले.

"म्हणजे होता."

"दिसला हुता, म्हटलं."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. शेवटी ठरलं, की दोघांनी आजऱ्याला जाऊन देसायांनाच विचारायचं. अप्पांना वाटलं, तिथं तरी उलगडा होईल. दहा वर्षं मनात अडकलेलं एकदा सुटेल.

हंबीरराव आता सत्तरीला आले होते, पण आवाज तसाच. त्यांनी सुष्मिताला काजू दिले, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग अप्पांकडे वळले.

"अप्पा, तुमचं वय झालं. बटण कसलं घेऊन बसलाय? ढाल त्या नाण्यावर हुती. मी सोता बघितलीय. सिंह बी हुतं."

"हरभऱ्याच्या डाळीएवढ्या नाण्यावर?" अप्पा म्हणाले.

"अंगठ्याएवढं हुतं ते!" हंबीररावांनी अंगठा दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूणही नव्हती. ते अगदी मनापासून सांगत होते. अप्पा ते बघूनच जास्त घाबरले. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. हा माणूस त्या अंगठ्याएवढ्या नाण्यावरची ढाल खरंच डोळ्यांसमोर बघत होता. आणि मग अप्पांना आपलंच खरं वाटेनासं झालं. डाळीएवढं होतं की अंगठ्याएवढं? पुरचुंडी लाल होती हे नक्की. होती ना?

आक्का आतल्या खोलीत खाटेवर होत्या. ऐंशी उलटलेल्या, डोळ्यांना कमी दिसायचं. अप्पा त्यांच्याजवळ गेले.

"आक्का, तुम्ही मोर म्हणालता. आठवतंय?"

आक्कांनी विचार केला. "म्हणाले असंन."

"मग काय हुतं त्यावर?"

"बाबा, मी पन्नास वर्षं मोर म्हणून गंध-फूल वाहिलं. दहा वर्षं झाली, देवघरातल्या नव्या मोहरंवरच्या ह्या दोन तोंडांच्याला वाहतीय. दोघांनी बी तक्रार न्हाय केली." मग त्यांनी विचारलं, "का? काय चुकलं का माझं?"

"न्हाय, न्हाय," अप्पा घाईनं म्हणाले. त्यांना त्या म्हातारीला अस्वस्थ केल्याचं वाईट वाटलं.

परतीच्या एसटीत सुष्मिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. उत्तूर गाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही दोघंही खरं सांगताय असं वाटतंय. हेच मला झेपत नाहीये."

"मला तरी कुठं झेपतंय?" अप्पा म्हणाले.

ते प्रकरण तेवढ्यावर थांबलं असतं, पण पुढच्या उन्हाळ्यात अप्पा बसव्वाला घेऊन संकेश्वराजवळ मेव्हण्याच्या घरी गेले. मेव्हणा शेताचे कागद पसरून बसला होता. कर्नाटक सरकारचा कागद. त्याच्या डोक्यावर शिक्का होता. अप्पांनी चष्मा सावरून पाहिलं. ढाल. ढालीवर दोन तोंडांचा पक्षी. ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन उभी जनावरं.

अप्पांनी तो कागद ओढूनच घेतला. बसव्वा धावत आली. "एनाऽत्री? काय झालं?"

"हे बघ," ते म्हणाले.

"बघायचं काय त्यात? ह्यो सगळ्याच कागदांवर असतोय की. आण्णाच्या ह्या घरात लगीन झाल्यापास्नं बघतोय आपण."

तेच तर. अप्पा इथं दरवर्षी येत होते. हा कागद, असले कागद, त्यांनी किती वेळा हाताळले असतील. मग त्या सकाळी उन्हात नाण्यावर जे उठलं, ते नाण्यातून वर आलं की त्यांच्या डोळ्यांतून खाली उतरलं? आणि बँडवाल्याचं बटण त्यांनी का निवडलं? कारण ते हाताशी होतं, की ढालीवर हा पक्षी बसणार हे आधीच कुठंतरी डोक्यात होतं? त्यांनी डोळे मिटून ते नाणं आठवायचा प्रयत्न केला. गुळगुळीत उंचवटा. पण तो उंचवटा आता उंचवटा म्हणून राहायलाच तयार नव्हता. आठवला की लगेच त्याला दोन मानी फुटत. दहा वर्षं ठसा बघून बघून मूळ नाणं त्यांच्या आठवणीतूनही वितळलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी सुष्मिताला फोन करून हे सांगितलं. पलीकडे तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, माझं प्रकरण तर गेलंच. पण मला वाटतं, हेच प्रकरण आहे." अप्पांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

२००६ साली गोंधळात आणखी भर पडली. हंबीररावांचा मुलगा सम्राट गाडी घेऊन आला. काजू आता परदेशात जात होते आणि पक्ष्याचं चिन्ह कायद्यानं नोंदवायचं होतं. वकिलानं विचारलं होतं, चित्र मुळात कुणी काढलं. सम्राटनं टाईप केलेला कागद पुढं ठेवला. 'सदर चिन्ह मी १९९४ साली स्वतःच्या कल्पनेने तयार केले असून...'

"इथं सही करा अप्पा."

अप्पांनी कागद दोनदा वाचला. "पण तुमचं वडील म्हणत्यात, तीनशे वर्षांचं हाय."

"ते घरात हो. कागदावर जुनं दाखवलं तर वकील म्हणतो, मालकी कुणाची ते ठरंना. तुमचं म्हटलं म्हणजे सोपं जातंय. तुम्ही आमाला दिलं, इषय संपला."

"आणि खोक्यावर?"

"खोक्यावर तीनशे वर्षंच."

अप्पांना क्षणभर मोह झाला. त्या कागदावर कुणीतरी पहिल्यांदा लिहीत होतं, की हे तुमचं आहे. तीस-चाळीस वर्षांत त्यांच्या कुठल्याच कामावर त्यांचं नाव आलं नव्हतं. लक्ष्मीच्या पायाशी कुणी सही करत नाही. त्यांनी पेन हातात घेतलं. मग 'स्वतःच्या कल्पनेने' या दोन शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"हे बदला," ते म्हणाले. "लिवा, जुन्या मोहरेवर जे मला दिसलं असं वाटलं, ते मी कोरलं."

"असं कसं चालंल? एक तर तुमचं म्हणा, न्हायतर आमचं म्हणा."

"मला ठावं न्हाय कुणाचं ते. एवढंच खरं लिवता येतंय मला."

सम्राटनं परोपरीनं सांगितलं. जोतीरामला बोलावून आणलं. जोतीराम म्हणाला, "अप्पा, एका सहीनं काय हुतंय?" अप्पांनाही तेच वाटत होतं, काय होतंय? पण हात पुढं जाईना. हट्ट नव्हता तो. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि कळत नसताना कळतंय असं लिहून देणं त्यांना जमेना. एकदा तसं पोलादात लिहून दिलं होतं, त्याचंच हे सगळं चाललं होतं. शेवटी सम्राट वैतागून कागद घेऊन गेला. जोतीराम त्यानंतर महिनाभर बोलला नाही.

देसायांनी पुण्याच्या एका माणसाकडून नवीन चित्र काढून घेतलं. दिवाळीत लक्ष्मीपुरीत नवी खोकी आली. त्यावर एकच तोंड असलेला, पंख पसरलेला, गुबगुबीत पक्षी होता. अप्पांनी खोकं वरखाली फिरवून बघितलं. गरुड असावा. कबूतरही असू शकेल. खाली 'तीनशे वर्षांचं घराणं' तसंच होतं. पुढं कुणाकडून तरी कळलं, की हंबीररावांनी फाटकावरचाही पक्षी बदलून घेतला आणि येईल त्याला सांगतात, आमच्या मोहरेवर हाच होता. आक्का तोवर गेल्या होत्या.

सुष्मिताचा प्रबंध २००८ साली झाला. ती पेढे आणि जाडजूड बांधलेली प्रत घेऊन आली. एका पानावर अप्पांच्या ठशाचा फोटो होता. खाली त्यांचं नाव होतं, प्रभुलिंग हुक्केरी, गुजरी, कोल्हापूर. बटणाबद्दल लिहिलं होतं, मेव्हण्याच्या कागदाबद्दलही होतं. तिनं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मी कुठलंच ठामपणे म्हटलं नाही. मूळ नाण्यावर काय होतं ते सांगता येत नाही, असं लिहिलंय. सरांनी बराच वाद घातला."

"मग पास कसं केलं त्यांनी?"

"शेवटी ते म्हणाले, हे एवढं तरी खरं दिसतंय."

बसव्वानं ते पान हातात घेतलं आणि नावावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं आहे ते अप्पांनी दाखवलं होतं. "छान छापलंय," ती म्हणाली. अप्पांना बरं वाटलं. तरी सुष्मिता निघताना त्यांनी तिला दारात थांबवून विचारलंच, "पोरी, मी चुकीचं केलं का गं?"

सुष्मितानं बराच विचार केला. "मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. ती त्यांचं मन राखायला काही बोलली नाही, हे अप्पांना आवडलं.

तोवर ठसे यंत्रावर कापून यायला लागले होते. अप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काम कमी झालं, तरी ते रोज जिन्याखाली येऊन बसत. लोक झिजलेली नाणी, पुतळ्या, देवघरातले टाक घेऊन येत, यावर काय आहे ते सांगा म्हणत. अप्पांनी आता एक रीत धरली होती. गिऱ्हाईकानं तोंड उघडलं, की ते हात वर करून त्याला थांबवत. "तुमाला काय वाटतंय ते आधी सांगू नका. काय बी बोलू नका."

एकदा कळंब्याहून बनाबाई नावाची एक बाई सासूची पुतळी घेऊन आली. तिला तशाच आणखी सहा करून हव्या होत्या. अप्पांनी पुतळी दोन दिवस ठेवून घेतली. सकाळच्या उन्हात पाहिली, दुपारच्या पाहिली, भिंग बदलून पाहिली. तिसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा त्यांनी पुतळी तिच्या तळहातावर ठेवली.

"कळलं न्हाय बाई," ते म्हणाले. "दोन माणसं उभी हायत एवढं वाटतंय. पुढचं मला दिसत न्हाय."

"मग आता?"

"आता न्या घरी. अशीच वापरा."

बनाबाई जरा घुटमळली. एवढा नावाजलेला माणूस, आणि कळलं नाही म्हणतो. तिनं पुतळी डोळ्यांजवळ नेऊन स्वतःच पाहिली, मग पदराच्या गाठीत बांधली आणि बोळातून बाहेर पडली. महाद्वाराकडे कुठून जायचं, असं तिनं वळून विचारलं. अप्पांनी हात उचलला, मग खाली घेतला आणि म्हणाले, "थांबा, मीच येतो कोपऱ्यापर्यंत."